घड्याळजीची गाडी

घड्याळजीने गाडी सुटी केली होती, तीही घड्याळासारखीच. एकेक भाग पुसून, तेलाचं बोट फिरवून, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला. कार्ब्युरेटर कपाटात चादरींच्या खाली, गिअरबॉक्स जिन्याखाली, दिव्यांच्या वाट्या काचेच्या कपाटात कपबशांशेजारी. गाडी बघायला आलेल्या वहिनीला आणि तिच्या दिराला त्याची बायको खोलीखोलीतून हिंडवत एकेक ऐवज दाखवत होती. ती म्हणाली, आमच्याकडे माणूस आला तर त्याला पाय पसरायला जागा नाही. हिचे मात्र चारही पाय पलंगाखाली सुखात आहेत. आणि तिने चादर उचलून चाकं दाखवली.

वहिनी हसली. दिराचं मात्र लक्षच नव्हतं. तो फडकी सोडत होता, आतला भाग उजेडात धरत होता आणि पुन्हा तशीच घडी घालून ठेवत होता. हा माणूस आता कामातून गेला, हे वहिनीने ओळखलं.

गॅरेज घरातल्या तिघांचं. दीर इंजिनं बघायचा, वहिनीचा नवरा गल्ल्यावर बसायचा आणि वहिनी गाड्यांच्या सीटा शिवायची, तीही दाराजवळच्या एवढ्याशा कोपऱ्यात. मोठी सीट पसरली की येणाऱ्याजाणाऱ्याला भिंतीला पाठ घासत जावं लागे. मागची शेड नुकतीच रिकामी झाली होती. तिथे वहिनीचं मशीन न्यायचं पक्कं झालं होतं. कापायच्या टेबलाचं माप सुतार घेऊन गेला होता. नेमका तेव्हाच दीर या गाडीची खबर घेऊन आला. जुनी, दोन दारांची, वर कापडी छत. अशी पुन्हा बघायलाही मिळायची नाही. पण शेड एकच होती. नवरा म्हणाला, तुम्हा दोघांच्या मध्ये माझं सँडविच नको, आणि त्याने हात झटकले. शेवटी दीरच म्हणाला होता की शेड तुमची ठरली होती, तेव्हा शब्दही तुमचाच. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा नाव काढणार नाही.

त्याने खरंच काढलं नसतं. म्हणून तर नाही म्हणणं अवघड होतं.

मागच्या अंगणात पत्र्याखाली गाडीचा सांगाडा होता. घड्याळजीने ताडपत्री बाजूला केली. दोन भक्कम लाकडी घोड्यांवर, पुढे एक आणि मागे एक अशा आधारावर, तो वर्षानुवर्षं उभा होता. गंजलेला तळ कापून टाकलेला, उरलेला पत्रा घासूनपुसून लख्ख. दारं भिंतीशी उभी, त्यांनाही जुन्या गोधड्या.

दीर आता नुसता तिच्या तोंडाकडे बघत होता. वहिनीने क्षणभर डोळे मिटले. काहीही हाती घेण्याआधी देवाचं नाव घ्यायचं, हा तिचा रोजचा नेम. मग ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, एक दार लावून बघू या."

घड्याळजीला ते पटलं नाही. दार इथलंच आहे, बिजागऱ्या इथल्याच, न बसायला काय झालं, असं त्याचं म्हणणं. वहिनीचा आवाज कधी चढत नसे, पण खालीही येत नसे. ती म्हणाली, खोळ कितीही सुबक शिवलेली असो, सीटवर चढवून बघितल्याशिवाय मी ती गिऱ्हाइकाला देत नाही. देताना जो नियम, तोच घेताना.

दोघा पुरुषांनी दार उचललं. वहिनीने बिजागरीचे बोल्ट हाताने फिरवले. तेलात जपलेले, लोण्यासारखे आत गेले. मग तिने दार ढकललं. ते वरच्या कोपऱ्यात अडलं आणि खाली बोट जाईल एवढी फट राहिली. दुसरं दार लावलं. त्याचंही तेच.

दीर गुडघ्यावर बसला आणि त्याने दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्याला डोळा लावून पाहिलं. वहिनीनेही वाकून पाहिलं. पुढून मागपर्यंत सरळ हवी ती रेघ मधोमध खाली आली होती, दोरीवर ओली चादर टाकल्यासारखी.

"हिला वेगळी चासी नसते," दीर हळू आवाजात म्हणाला. "बॉडी हाच कणा. तळ कापला आणि आधार फक्त टोकांना. स्वतःच्याच वजनाने बसली."

घड्याळजीने दाराखालच्या फटीत बोट घालून पाहिलं. घड्याळ कितीही वर्षं उघडं ठेवलं तरी त्याची तबकडी वाकत नाही. उभ्या जन्मात त्याच्या टेबलावर अशी वस्तू आलीच नव्हती, जी नुसती ठेवल्याने बिघडते.

"मी धूळसुद्धा बसू दिली नाही," तो म्हणाला.

"दिसतंय ना," वहिनी म्हणाली. "आतली एकही वस्तू तुम्ही बिघडू दिली नाहीत. इतकी निगा आमच्याकडेही होत नाही."

मग तिने दिराला विचारलं, कणा सरळ होईल का. होईल, तो म्हणाला, मधोमध जॅक लावून थोडं थोडं उचलायचं, घाई केली तर पत्रा फाटेल. दारं नीट लागली की आडवे पाइप वेल्ड करून तसंच धरून ठेवायचं, मग नवा तळ. पण छातीठोकपणे आज सांगता येणार नाही.

वहिनीचा हिशेब तिथेच जमला. ती घड्याळजीला म्हणाली की घरातलं सगळं सामान आम्ही आजच घेतो. शेडच्या वरच्या फळ्यांवर ते मावेल आणि खाली माझं मशीन बसेल. सांगाडा मात्र इथेच राहील. भाऊजी सुट्टीच्या दिवशी येऊन उचलतील. दोन्ही दारं एका बोटाने लागली की गाडी आमची आणि ती उभी करायची जागा शोधणं माझ्याकडे लागलं. नाही लागली, तर सांगाडा भंगारात आणि सामान ज्यांच्या गाड्या या भागांवाचून अडल्यात त्यांच्याकडे. आणि मग, ती दिराकडे वळली, रुसायचं नाही.

"भंगारात," दीर म्हणाला.

"वाकडीला शेडमध्ये नेऊन रोज तिच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा बरं. तुम्हाला दारं लावता येतात की नाही, ते सांगा."

दिराने मान वर केली. "येतात."

"मग झालं."

घड्याळजीच्या बायकोने विचारलं, म्हणजे पलंगाखालची चाकं आज जाणार ना. आजच, वहिनी म्हणाली. बाई लगोलग आत गेली आणि पलंग सरकवल्याचा आवाज आला.

दिराने टेंपोतून जॅक आणला, त्यावर जाड फळी ठेवली आणि सांगाड्याच्या पोटाखाली सरकवली. घड्याळजीने कोणी न सांगता खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि तो दाराच्या वरच्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला. दिराने दांडा दाबला. पत्रा करकरला.

"हललं का?" वहिनीने विचारलं.

"केसभर," घड्याळजी म्हणाला. "पण हललं."

"आज एवढंच," ती म्हणाली, आणि चाकं घ्यायला आत गेली.