पुलाखालच्या पिशव्या

क्लूनारात अट्रॅक्टा गिलहूलीला वचकून नसलेला माणूस शोधून सापडला नसता. छत्तीस वर्षं तिनं गावच्या शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावाचीच शाळा घ्यायला लागली. कचऱ्याच्या हिरव्या डब्यात काय टाकायचं, तपकिरीत काय, दह्याचं भांडं विसळून टाकलंस का, असं ती भर रस्त्यात अडवून विचारायची. गावामागच्या ओढ्यावर तर तिचा जीव. चार वर्षांपूर्वी तिनंच त्याच्या सफाईसाठी समिती जमवली, काठानं झाडं लावली, शेतकऱ्यांच्या मागे लागून गुरं पाण्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घालून घेतलं. गेल्या हिवाळ्यात ट्राउट मासे अंडी घालायला परत आले, तेव्हा ही कडक बाई भर सभेत रडली होती.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी त्याच ओढ्यात, पुलाखाली, बारा काळ्या पिशव्या, एक गादी आणि गालिचाची वळकटी सापडली.

"पिशव्या फोडा," अट्रॅक्टा कडाडली. "कुठं ना कुठं नाव सापडेलच. रविवारी चर्चच्या दारात वाचून दाखवते की नाही बघा!"

निवृत्त पोस्टमन मॅलकी गुडघाभर पाण्यात उभा होता. "नाव वाचायचं काम माझ्याकडे दे," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तेच केलंय."

सगळे हसले. अट्रॅक्टानं स्वतःसमोरची पिशवी फोडली आणि आतून एक तपकिरी स्वेटर बाहेर आला, कोपरांना चामड्याचे तुकडे लावलेला. ते तुकडे तिनंच शिवले होते. स्वेटरखाली औषधाच्या बाटल्या आणि टपालाचं एक पाकीट होतं. पाकिटावर नाव होतं, एंडा गिलहूली. तिचा भाऊ.

एंडा ऑक्टोबरमध्ये गेला. त्याची खोली आवरायला तिचा हातच धजेना. जानेवारीत पांढरी व्हॅन घेऊन जुनं सामान नेणारा एक माणूस दारात आला. "तुम्ही काडीलाही हात लावू नका, बाई," म्हणाला. ती स्वयंपाकघराचं दार लावून बसून राहिली आणि त्यानं वीस मिनिटांत खोली रिकामी केली. अख्ख्या गावाला दह्याच्या भांड्याचा हिशेब विचारणाऱ्या बाईनं त्याला एवढंही विचारलं नाही, की बाबा, हे नेतोस कुठं? कचरा न्यायचा परवाना आहे का तुझ्याकडे?

तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पाकीट तिनं रेनकोटच्या खिशात सरकवलं.

दुपारी सगळे चहाला हॉलमध्ये बसले. टेबलावर जुसिलेनीनं आणलेला गाजराचा केक होता. जुसिलेनी ब्राझीलची. मांसाच्या कारखान्यात काम करायची, टेकडीवरच्या घरात राहायची, आणि दोन वर्षांत एकही सफाई तिनं चुकवली नव्हती. आत्ताही ती आत किटली भरत होती. तेवढ्यात समितीतल्या फिडेल्मा टॅन्सीनं आवाज खाली आणला.

"मी कुणाचं नाव घेत नाही. पण टेकडीवर एका घरात आठ-आठ माणसं. दाराशी डबा किती? एक! मग बाकीचा कचरा काय हवेत विरतो?"

"हळू बोल गं, ती आत आहे," मॅलकी म्हणाला.

ती आत नव्हती. किटली घेऊन दारात उभी होती.

"आम्ही सहा आहोत, फिडेल्मा," जुसिलेनी शांतपणे म्हणाली. "आठ नाही." आणि तिनं फिडेल्माच्या कपात चहा ओतला.

  अट्रॅक्टा उठली, तिनं खिशातलं ओलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"कचरा माझा आहे," ती म्हणाली. "एंडाच्या खोलीतला. व्हॅनवाल्याला दिला आणि कुठं नेतोस ते विचारलं नाही. सकाळीच कळलं होतं मला. लपवलं मी."

 मग मॅलकीनं घसा खाकरला.

"पांढरी व्हॅन? पुढचा एक दिवा फुटका?"

"हो."

"माझा फ्रिज त्यानंच नेलाय."

फिडेल्मा कपात बघत पुटपुटली, "माझा सोफा."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण हसू थांबेना. अट्रॅक्टा मात्र हसली नाही. ती जुसिलेनीशेजारी जाऊन बसली.

"पण तुम्ही कौन्सिलच्या कचरा केंद्रावर का नेत नाही?" जुसिलेनीनं विचारलं.

"वीस मैल!" मॅलकी म्हणाला. "ट्रेलर आहे माझ्याकडे. पण या वयात फ्रिज उचलणार कोण?"

"मी उचलते. रोज अर्धी गाय उचलते मी."

सोमवारी अट्रॅक्टा पाकीट घेऊन कौन्सिलच्या कचेरीत गेली, व्हॅनची माहिती दिली आणि स्वतःचं नावही सांगितलं. दंड झाला, तो तिनं मुकाट्यानं भरला. फिडेल्मा त्याच आठवड्यात टेकडी चढून गेली. "माझ्या जिभेला हाड नाही, पोरी," म्हणाली. जुसिलेनीनं 'असू दे' म्हटलं नाही. "वाईट वाटलं मला," असं सरळ सांगितलं आणि मग बसायला खुर्ची दिली.

मे महिन्यापासून दर पहिल्या शनिवारी मॅलकीचा ट्रेलर गावात फिरायला लागला. पहिल्याच खेपेला तेवीस घरांतून सामान निघालं. त्यातलं निम्मं केंद्रावर गेलंच नाही, कारण चौकात थांबलं की कुणी ना कुणी म्हणायचं, "अरे, हे तर मला हवंय!"

त्या दिवशी ट्रेलर रिकामा करून परतताना जुसिलेनीनं अट्रॅक्टाला विचारलं, "तुमच्या घरामागच्या शेडला कुलूप का?"

"एंडाची हत्यारं आहेत. उघडवत नाही."

"मी बरोबर असले तर?"

किल्ली गंजली होती, पण फिरली. आत कुदळी, फावडी, करवती आणि गवत कापायची दोन यंत्रं होती. मॅलकी उलट्या बादलीवर बसून त्यातल्या एका यंत्राशी झटायला लागला. जुसिलेनीचा नवरा तिला न्यायला आला, त्यानं एक फावडं हातात तोलून पाहिलं.

"न्या की," अट्रॅक्टा म्हणाली. "बटाटे लावताय ना? आणि धार लावून घ्या. एंडाला बोथट फावडं खपायचं नाही."

भाऊ गेल्यापासून त्याचं नाव तिनं असं सहज पहिल्यांदाच घेतलं होतं. तेवढ्यात मॅलकीनं तिसऱ्यांदा दोरी ओढली, आणि यंत्र धडधडून सुरू झालं.