खालचे दोघे

मित्रांनो, मी मालगाडीच्या इंजिनाचा एक जुना दिवा आहे, आणि हेवेखोर आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

कारखान्यात मला इंजिनाच्या कपाळावर बसवलं, तेव्हा समोर दुसरा दिवा नव्हता. ड्रायव्हरकाका रोज शिडी चढून स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसत. अकरा वर्षं मी एकट्याने उजेड पाडला. मग नियम बदलला आणि पार खाली, गुडघ्यापाशी म्हणा ना, दोन बुटके दिवे आले. चिखल त्यांच्यावर जास्त उडे, म्हणून रुमालही आधी त्यांच्यावर फिरू लागला. माझा नुसता जळफळाट झाला.

एवढा मोठा दिवा असताना ही पिल्लं कशाला, असं काकांच्या सहायकाने एकदा विचारलं. काका म्हणाले, "वरचा सांगतो, गाडी येतेय. खालचे दोघे सांगतात, किती जवळ आलीये. लांबून तिन्ही एकत्र दिसतात, जवळ येईल तसे फाकत जातात. फाटक नसलेल्या रस्त्यावर माणसाला तेवढाच आधार." ते ऐकून मी आणखीच फुगून बसलो.

निघण्यापूर्वी खाली उतरून, समोर उभं राहून तिन्ही दिवे बघायचे, हे सहायकाचं काम. तो मात्र खिडकीतूनच शेडच्या भिंतीवर पडलेला उजेड बघे. एका संध्याकाळी खालच्या दोघांची तार निसटली होती. भिंत मी एकट्याने उजळली. "तिन्ही लागलेत," तो म्हणाला. मला काय आनंद झाला! म्हटलं, आता बघा कोणावाचून कोणाचं अडतं ते.

ते दोघे बंद असले तर रस्त्यापाशी गाडी हळू न्यायची असते. पण ते बंद आहेत हे काकांना ठाऊकच नव्हतं. दिवेलागणीला रस्ता आला तेव्हा एक धोबीणबाई इस्पितळाच्या चादरींची हातगाडी ढकलत होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातगाडी रुळांवर घातली. भोंगा वाजला, ब्रेक लागले, पण भरलेली मालगाडी जागच्या जागी थांबत नाही. बाईने हातगाडी सोडून उडी मारली. हातगाडीच्या फळ्या फळ्या झाल्या. चादरी उडाल्या, त्यातली एक माझ्या तोंडावर येऊन बसली. तोंड लपवायला मिळालं, ते बरंच झालं.

बऱ्याच वेळाने काका तिला हाताला धरून इंजिनापाशी घेऊन आले. कोपर सोलवटलं होतं, बाकी बाई धड होती.

"पाहिलं होतं ना दादा मी. एकच दिवा होता. वाटलं, अजून खूप लांब आहे."

काकांनी वाकून खालच्या काचांना हात लावला. थंडगार होत्या. "खाली उतरला होतास का रे?" त्यांनी सहायकाला विचारलं. तो गुडघ्यांवर बसून निसटलेली तार जोडू लागला. मला कोणीच काही विचारलं नाही.

हेवा अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? रुमाल आधी खाली गेला की आजही पोटात दुखतं. पण मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या इंजिनावर कामाला लागलं, तर भिंतीवरच्या उजेडावर विसंबू नका. खाली उतरा, समोर उभे राहा, तिन्ही दिवे डोळ्यांनी बघा. आणि पुसायला घ्याल तेव्हा आधी त्या दोघांना पुसा. मी थांबेन.