निळी फुंकर

सिदोनच्या बंदरामागे काचेची भट्टी होती आणि भट्टीपाशी अरिशतच्या बाबांची तिपाई रिकामी होती. बाबा वारले तसे अब्देश्मूनकाका आपल्या मुलाला, बोदोला, तिथे बसवायला उतावीळ झाले. तिपाई अरिशतला हवी होती! पण तिच्या वाट्याला आलं फुटक्या काचा कुटणं. त्या भट्टीतल्या मोठ्या कुंडात घातल्या की वाळू वितळून काचेचा रस लवकर होतो.

"फुंकायला छातीत दम लागतो," बोदो म्हणाला.

"तुझ्या वाकड्या सुरया विकायलाही लागतो!"

दुपारी सगळे जेवून लवंडले. बाबांनी तिच्यासाठी निळ्या काचेचा एक गोटा ठेवला होता, इतका गडद की त्याचा तुकडाही कुंडभर रस निळा करी. तो तिने छोट्या मुशीत वितळवला, रसाचा गोळा फुंकनळीच्या टोकाला घेतला, दगडावर लोळवला आणि हळूच फुंकर घातली. नळी सारखी फिरवत राहिली, कारण हात थांबला की गोळा मधासारखा ओघळतो. चिमट्याने मान ओढली. इवलीशी अत्तराची कुपी! ती गरम राखेत सावकाश निवायला ठेवली.

संध्याकाळी काकांनी राख उकरली.

"ही कोणाची?"

"माझी."

"पोरीच्या फुंकरीची काच टिकत नाही!" म्हणत त्यांनी कुपी फरशीवर आपटली आणि तुकडे स्वतःच्या हातांनी मोठ्या कुंडात लोटले. "जा, शोध आता तुझी फुंकर!"

 रडेल ती अरिशत कसली!

सकाळी बोदोने नळी बुडवली. वाडगा निळसर. काकांनी फुंकलेली सुरई निळसर. अख्खं कुंड आभाळाच्या रंगाचं!

"कोणी केलं हे?" काका गरजले.

"तुम्हीच की, काका. काल माझी फुंकर शोधायला सांगितलीत ना? ही बघा, सगळ्यांच्या भांड्यांत सापडली."

म्हातारे कारागीर इतके हसले की एकाच्या नळीवरचा गोळा गळून पडला. अरिशत सरळ जाऊन बाबांच्या तिपाईवर बसली.

"ऊठ तिथून!"

"नाही उठणार. बोदोला बसायचं असेल तर त्याने दुसरी तिपाई आणावी."

"तू फुंकलेलं एकूण एक भांडं फोडीन मी!"

अरिशतने नळी कुंडात बुडवली, रसाचा गोळा उचलला आणि फिरवू लागली.

"फोडा ना," ती म्हणाली. "परत कुंडातच टाकाल ना?"

काकांनी उगारलेला चिमटा हवेतच राहिला. तिने नळी ओठांना लावली आणि गाल फुगवले.