भिकाजीबाबचा जुना ट्रक

सात वर्षं माझी बायको दीपा डिचोलीच्या एका शाळेत तात्पुरती गणित शिकवत होती. आज समितीसमोर धडा द्यायचा होता, जमला तर नोकरी कायम. मी तुयेच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून वर्गाच्या खिडकीबाहेर उभा होतो.

धडा कापरेकरांवर. देवळालीचे शाळामास्तर, मोठी पदवी नाही, विद्वान त्यांना हसायचे. पण त्यांनी शोधलं काय, तर चार आकडी संख्या घ्या, आकडे उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, हेच करत राहा. फार तर सातव्या पायरीला 6174 येतंच.

धारगळच्या घरून येता-जाता आम्ही हायवेवरच्या गाड्यांचे नंबर असेच सोडवायचो. आमच्या स्कूटरचा 2005, त्याला पुऱ्या सात पायऱ्या लागतात.

"सर, कुठलाही नंबर सांगा," दीपा अध्यक्षांना म्हणाली.

अध्यक्ष भिकाजीबाब म्हणजे खाणीचे टिपरवाले, खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे मालक. गाडीला फॅन्सी नंबर घेतल्याशिवाय ते शोरूमबाहेर येत नाहीत.

"7777," ते म्हणाले.

अगे बाये! उलटसुलट लिहा, तेच. वजाबाकी शून्य. चारही आकडे सारखे चालत नाहीत, हे सांगायलाच दीपा विसरली होती. आम्ही सोडवलेले सगळे नंबर साध्या माणसांचे. असला नंबर आमच्या वाट्याला आला होता कधी?

"बाय, हांगा शून्य आयलें मगो!" भिकाजीबाब हसले. मग सगळेच हसले. मला इतका राग आला, की खिडकीतून आत उडी मारावीशी वाटली.

दीपाने फळा पुसला. मग ती म्हणाली, "चूक माझी, सर. निदान दोन आकडे वेगळे हवेत. दसऱ्याला सगळ्या गावासमोर तुम्ही पहिला हार तुमच्या ज्या पहिल्यावहिल्या जुन्या ट्रकला घालता, त्याचा नंबर सांगा."

भिकाजीबाबचं हसू थांबलं. "3087," ते हळूच म्हणाले, आणि उठून खडू त्यांनीच घेतला. 8730 वजा 0378, 8352. पुन्हा मांडलं. 8532 वजा 2358.

6174.

"दोनच पायऱ्यांत!" त्यांनी 6174 खाली खडूने रेघ ओढली. मग हेडमास्तरांना म्हणाले, "हिचं कायमचं पत्र आजच काढा."

सुटलो बाबा एकदाचे! मी खिडकीची चौकट धरून रडलो, लाज कसली त्यात.

दीपा पत्र घेऊन बाहेर आली आणि स्कूटरवर बसायच्या आधी नंबरप्लेटवर थाप मारून म्हणाली, "सातव्या पायरीला का होईना, आलं रे."