तीनदा हात वर

गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात आमचं हसं झालं, ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. वस्तीतल्या हॉलच्या स्टेजवर नाचता नाचता आम्ही सगळ्या बायका हात वर करून उभ्या, आणि गाण्याची डिस्क अडकलेली. तेच सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. हात खाली घ्यायचे ते पुढच्या ओळीला, आणि पुढची ओळ काही येईना. दरोडा पडलेल्या बँकेतल्या गिऱ्हाइकांसारख्या आम्ही उभ्या. शेवटी हॉलचे सचिव उठले. त्यांनी डिस्क बाहेर काढली, खिशातल्या रुमालाने सगळ्यांदेखत गोल गोल घासली, परत घातली, तर ती आणखीच अडकली. मग त्यांनी वायरच उपटली. लोक पोट धरधरून हसले, आणि माझ्या बायका मान खाली घालून स्टेजवरून उतरल्या.

मी शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा हॉलमध्ये संध्याकाळी तास घ्यायला लागले. गुडघे धरलेल्या, कंबर धरलेल्या, डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या आणि चालायचा कंटाळा असलेल्या, सगळ्या येतात. पुढच्या रांगेत नर्सबाई, तिच्या शेजारी शिंपीण, आणि सगळ्यांत मागे मावशी. ती कुणा एकीची मावशी नव्हे, आम्हा सगळ्यांचीच. आम्ही नाचतो ते गाणं तिचं. तिनेच चाल बांधली, तिनेच अकॉर्डियनवर वाजवलं आणि डिस्कवर उतरवून घेतलं. आता तिची बोटं इतकी आखडलीत की चहाचा कप धरायलाही दोन्ही हात लागतात. ते गाणं दुसरीकडे कुठेच नाही. आहे ते त्या एका डिस्कवर.

घरी धूळ झटकल्यावर ती डिस्क चालू झाली, पण त्या रुमालानंतर रोज एकाच जागी अडखळायची. हात वर करायची ओळ तीनदा वाजायची, मग आपलीआपण पुढे जायची. आम्हीही तीनदा हात वर करायचो आणि पुढे जायचो. सवय झाली. दुखत्या दाताने चावू नये हे जसं जिभेला कळतं, तसं ते आमच्या अंगाला कळलं.

या वर्षी कार्यक्रम जवळ आला तसे सचिव माझ्याकडे आले. गोड बोलत आले, तेव्हाच मी ओळखलं. एक नवा प्रशिक्षक मिळालाय म्हणे, तरुण आहे, फोनवरून गाणी लावतो, मोठा स्पीकर स्वतःचा आणतो. संध्याकाळची वेळ त्याला द्यावी असं समितीच्या मनात आहे. मी म्हटलं, समितीच्या मनात की तुमच्या? ते हसले. मग म्हणाले की बाई, तुमचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, दर वेळी दोष डिस्कचा.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. समितीची माणसं तिथेच बसली होती. मी सगळ्यांसमोर विचारलं की डिस्क नाही अडकली तर?

"नाही अडकली तर तास तुमचाच," सचिव म्हणाले. "अडकली तर सोमवारपासून बंद."

"शब्द?"

"शब्द."

डिस्क पिशवीत घालून मी तडक धाकट्या दिरांच्या दुकानात गेले. ते टीव्ही, रेडिओ, मिक्सर, काय म्हणाल ते दुरुस्त करतात. त्यांनी डिस्क दिव्यासमोर धरली. छापील बाजूला छिद्र पडलं असतं तर खेळ खलास होता, पण तिथून उजेड आरपार येत नव्हता. मग चकचकीत बाजूवर त्यांनी नख फिरवलं. एका जागी नख अटकलं. आडव्या ओरखड्यावरून मशीन उडी मारून जातं, पण हा गोल गेलाय, गाण्याच्याच वाटेने, म्हणून ते त्यात घुटमळतं, असं त्यांनी सांगितलं. रुमाल गोल फिरवणाऱ्याचा मी तिथल्या तिथे उद्धार केला.

वर दीर म्हणाले, "वहिनी, सोडा ना. दुसरं एखादं गाणं घ्या."

"मावशीला तुम्ही सांगाल?"

ते डिस्क घेऊन उठले. मग त्यांनी मला मोरीपाशी उभं केलं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, आणि जुन्या बनियनचा मऊ तुकडा. पुसायचं ते मधून कडेकडे, सायकलच्या चाकाच्या तारा असतात तसं सरळ. गोल फिरवायचं नाव नाही. धुऊन, वाळवून लावली. ओळ पुन्हा तीनदाच वाजली. मग मी पांढरी टूथपेस्ट घेतली आणि ओरखड्यावर बोटाच्या पेराने घासत बसले. डिस्क आरशावर वाफ बसावी तशी धुरकट झाली आणि पहिल्या ओळीपासूनच अडकायला लागली. मी कपाळाला हात लावला. दीर मनातल्या मनात हसत असणार. पण त्यांनीच मोटारींच्या रंगावर मारायचं पॉलिश शोधून दिलं आणि पुटपुटले की सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. मी म्हटलं, सुंभ अजून जळलेला नाही, तुम्ही पॉलिश द्या.

खांदा भरून आला तरी मी घासत राहिले. धुवायची, लावायची, ऐकायची, परत घासायची. आणि मग एकदा मावशीचं गाणं सुरू झालं, हात वर करायची ओळ आली, एकदाच आली, आणि पुढे निघून गेली. मी तिथे दुकानात, गिऱ्हाइकांसमोर रडले. दिरांनी पाण्याचा पेला आणून ठेवला.

हॉल सजावटीसाठी बंद होता, त्यामुळे तालीम झालीच नाही. मला त्याची काळजी वाटली नाही. बायकांना नाच झोपेतही येतो.

तेच तर नडलं.

कार्यक्रमाला हॉल खचाखच भरला होता. मी स्टेजच्या कडेला मशीनपाशी उभी राहिले. गाणं सुरू झालं, स्वच्छ, मावशी तरुण असताना वाजवायची तसं. ती ओळ आली. बायकांनी हात वर केले. गाणं पुढे गेलं. बायकांनी परत हात वर केले, आणि परत एकदा. एकजात सगळ्यांनी, मावशीनेसुद्धा.

वर्षभर मी डिस्कवर चिडत होते आणि त्याच डिस्कने त्यांना शिकवून ठेवलं होतं. गाणं पुढे, बायका मागे. नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं. काय करू, असं तिचे डोळे विचारत होते. घाई करून गाठा म्हणावं, तर त्या गुडघ्यांवर कुणीतरी आपटणारच. थांबा म्हणावं, तर पुन्हा मान खाली घालून उतरायचं. आणि त्यांनी का उतरायचं? चुकलं काय त्यांचं?

मी शाळेच्या मैदानावर काढायची तो आवाज काढला. "एक, दोन, तीन, चार." नर्सबाईची मान ताठ झाली. पाठोपाठ सगळ्यांची.

गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बायका थांबेनात म्हणून टाळ्या थांबल्या. सचिव माईक घेऊन आभार मानायला स्टेजवर चढले. तेवढ्यात आमचा गोल फेरा सुरू झाला आणि ते मधोमध सापडले. बायका त्यांच्याभोवती फिरत राहिल्या. लाकडी स्टेजवर पावलं वाजत होती, मी आकडे म्हणत होते, आणि फेऱ्यातून मावशीने तोंडाने ती चाल धरली. आवाज कापरा, पण सूर पक्का. आम्ही शेवटपर्यंत गेलो, नमस्कार केला, आणि मगच थांबलो. हसलं कुणीच नाही.

सचिव मधोमध घाम पुसत उभे होते, त्याच रुमालाने. गाणं आणि नाच यांचा मेळ बसला नाही, हे सगळ्यांनीच पाहिलं, असं ते पुटपुटले. मी स्टेजवर गेले आणि माईक त्यांच्या हातासकट त्यांच्या तोंडापाशी धरला.

"मेळाचं नंतर बघू," मी म्हटलं. "अट डिस्कची होती. अडकली का? सांगा सगळ्यांना."

त्यांनी समितीकडे पाहिलं. समिती छताकडे पाहत होती.

"नाही," ते म्हणाले. "डिस्क अडकली नाही."

सोमवारी आमचा तास भरला. मी बायकांना म्हटलं की आता ते दोन जादाचे हात गाळून नाच नीट बसवू. शिंपीण म्हणाली, गाळायचे कशाला, अंगाला बसलेलं उसवत नाहीत. नर्सबाईने मान डोलावली. मावशी तर तोवर जागेवर जाऊन उभीच राहिली होती.

मग तसंच ठेवलं. आम्ही तीनदा हात वर करतो, आणि गाणं आमच्या आधी संपतं. संपू दे बापडं.