धुळाचं पदक

बेचाळीसच्या भाद्रपदात तालुक्याच्या कचेरीवर गेलेल्या मोर्च्यात धोंडुबाईचा एकुलता एक लेक धुळा गोळी लागून पडला, तेव्हा मेंढरांमागं वागवायचं घोंगडं त्याच्या खांद्यावर तसंच होतं, असं गावात सांगत. तिनं मात्र काहीच पाहिलं नव्हतं, कारण पडलेल्या सहा जणांची प्रेतं पोलिसांनी परस्पर जाळून टाकली होती. पुढं स्वातंत्र्य आलं, आणि त्याच्या पहिल्या वर्षदिनी त्याच कचेरीच्या आवारात मांडव घालून हुतात्म्यांच्या घरच्यांना रुपयाएवढी रुपेरी पदकं वाटण्यात आली.

पदक हातात पडलं तेव्हा ते कोमट लागलं. उन्हानं तापलं असेल, असं तिला वाटलं. पण घरी देवळीत ठेवून आठ दिवस झाले, बाहेर श्रावणाची भुरभुर लागली, तरी ते तसंच राहिलं. तापलेल्या धातूसारखं नव्हे, झोपलेल्या माणसाच्या कपाळासारखं.

शेजारच्या राहीबाईचाही लेक त्याच दिवशी गेला होता. धोंडुबाईनं तिच्याकडं जाऊन त्याचं पदक मुठीत धरून पाहिलं. गारढोण. ते राहीबाईला परत देऊन ती घरी आली.

मग तिच्या जिवाला घोर लागला. सून हरणा सहा वर्षं पांढऱ्या कपाळानं राबली होती. धोंडुबाईनंच समजूत घालून तिचा कोंडीबा नावाच्या बिजवराशी पाट ठरवला होता, आणि तो रविवारवर आला होता. धुळा कुठं जिता असला तर?

शनिवारी सकाळी तिनं पदक सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"हरणे, खरं सांग. कसं लागतंय?"

हरणानं मूठ मिटली. तव्यावरची भाकरी करपली तरी ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी ओघळलं, तेही तिनं पुसलं नाही.

"गार हाय, आत्ती."

"लय?"

"व्हय. लय गार."

धोंडुबाईनं सुस्कारा सोडला आणि पदक देवळीत ठेवून दिलं.

पाट लागला. निघताना हरणा पाया पडायला वाकली, तिला उठवायला धोंडुबाईनं तिचा उजवा हात धरला, आणि तळहातावर रुपयाएवढा, गोल, पाण्यानं भरलेला फोड तिला दिसला. दोघींची नजर भेटली. दारात कोंडीबा वाट बघत उभा होता.

"पदराखाली घे त्यो हात," धोंडुबाई हलकेच म्हणाली, आणि सुनेची बोटं तिनं आपल्या हातानं एकेक करून मिटवली.