न वाळणारी सीट

म्हातारा जाऊन वर्ष झालं, तरी त्याची गाडी दारात उभी होती. ती एकदाची विकून टाकायची, असा सासूबाईंचा हट्ट. दुपारी गिऱ्हाईक येणार म्हणून त्यांनी सकाळीच पदर खोचला. डॅशबोर्डच्या खाचांतली धूळ ब्रशने काढली, सीटांना साबणाचा फेस चोळला आणि चारही दारं उन्हात सताड उघडी टाकली.

दुपारपर्यंत सगळ्या सीटा खडखडीत वाळल्या. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र पाठीएवढा ओला डाग राहिला.

"फेस जास्त झाला असेल, आई," सून म्हणाली.

"चाळीस वर्षं ही गाडी मीच पुसतेय. मला शिकवू नकोस!"

त्यांनी कोरडं फडकं दाबून डाग टिपला. फडकं उचलताच तो परत उमटला. त्यांनी तळवा टेकवला. ओल कोमट होती. गाडी चालवताना म्हाताऱ्याचा सदरा घामाने नेमका तेवढाच भिजायचा.

सून दोन पावलं मागे सरली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अहो, जन्मभर माझं काम वाढवलंत. आता तरी सरका पलीकडे!"

डाग हळूहळू आटला. मग शेजारची वाळलेली सीट पाठीएवढी भिजत गेली.

तेवढ्यात फाटकातून गिऱ्हाइकाची हाक आली. सासूबाईंनी चारही दारं एकेक करून हलक्या हाताने लावली.

"जा गं, त्यांना परत पाठव," त्या म्हणाल्या. "गाडी रिकामी नाही म्हणावं."